तुरीनची शेजारीण

ती बाई मला आवडणार नाही, हे मी तिला बघण्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. रविवारी दुपारी तुरीनहून माझ्या मैत्रिणीचा फोन यायचा. इकडे चेन्नईत जेवणं उरकून पंख्याखाली आडवं व्हायची वेळ, तिकडे सकाळ. मैत्रीण बोलत असायची आणि तिच्या मागे कुणीतरी बाई खळखळून हसायची. "कोण आहे गं?" मी विचारलं. "समोरच्या फ्लॅटमधली. कॉफी प्यायला आलीये." पहिल्यांदा मला बरंच वाटलं, परक्या मुलखात पोरीला सोबत मिळाली म्हणून. पुढच्या दोन-तीन रविवारीही ते हसू ऐकू आलं तेव्हा मात्र माझ्या पोटात दुखायला लागलं. आठवड्यातून एकदा फोन, त्यातही अर्धं लक्ष दुसरीकडे.

बेझंट नगरला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, मी खाली आणि ती वर. मी सोलापूरची, सरकारी बँकेच्या बदलीनं चेन्नईत येऊन पडलेली. ती मालवणची, नवऱ्याच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमागे आलेली. ती माझ्याहून बरीच लहान होती, म्हणून मला ताई म्हणायची. आई तिची लहानपणीच गेली होती. भाऊबहीण नव्हतं. लग्नानंतर वडील गेले आणि मालवणच्या घराला कुलूप लागलं. तेव्हापासून सणावाराला ती माझ्याकडे जेवायची, आणि माझा नवरा तिला "काय माहेरवाशीण, आज काय हुकूम?" असं विचारायचा.

आम्हा दोघींना तमिळ यायला वर्ष लागलं, पण मराठी सोडून आम्ही कशातच मन मोकळं केलं नाही. बसमध्ये, भाजीवाल्यापुढे, डॉक्टरच्या रांगेत आम्ही सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईच्या केसांबद्दलही खुशाल मोठ्यानं बोलायचो. कुणाला काय कळणार होतं? महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी बस पकडून आम्ही चेन्नईजवळच्या कोवलमला जायचो, होड्या लागायच्या वेळेला. मी शाकाहारी घरातली, मला मासा म्हणजे मासा. तिनं मला कल्ले उघडून लाली बघायला शिकवलं, पोटावर बोट दाबून बघायला शिकवलं. सुरमईला इथे वंजरम म्हणतात हे आम्ही दोघी मिळून शिकलो. कोळीण भाव सांगायची, मी पिशवी पुढे करायची, आणि ती मला दंडाला धरून मागे ओढायची, "चल ताई, पोदुम, पुरे झालं." असं दोनदा केलं की भाव उतरायचा. सगळ्या किनाऱ्याला आमचं हे नाटक माहीत होतं, तरी कोळणी हसून ते चालवून घ्यायच्या.

मग तिच्या नवऱ्याला दोन वर्षांसाठी तुरीनला पाठवलं. इटलीचा मला हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. माझी बदली झालीच तर त्रिचीला होणार होती. पण तो हेवा फार टिकला नाही, तो आपला वरवरचा होता. वरच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू आले, त्यांच्या मुलांची धावपळ छतावर ऐकू येऊ लागली, आणि संध्याकाळी बीचवर एकटीनं चालताना माझ्या लक्षात आलं की मी दिवसभरात मराठीत फक्त नवऱ्याशी आणि मुलाशी बोलते, तेही डबा आणि गृहपाठ यांच्याबद्दल. आणि तिकडे ती बाई सकाळच्या कॉफीला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मैत्रीण म्हणाली, "ताई, तू ये ना इकडे. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, सगळं करू. तिकीट काढ, बाकीचं मी बघते." मग जरा थांबून म्हणाली, "येताना एक साडी आण. रेशमी. चांगली बघून घे."

"रंग कुठला?"

"तुला आवडेल तो. तूच निवड."

मी अख्खा शनिवार टी. नगरात घालवला. मला मागे ओढणारं कुणी नव्हतं, आणि त्या मोठ्या दुकानात घासाघीस चालतही नाही. वांगी रंगाची, बारीक मोरपंखी काठांची साडी निवडली, कारण तिच्या सावळ्या रंगावर वांगी फार खुलतो. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे तिचं माप होतं, त्याच्याकडून ब्लाउज शिवून घेतला. नवऱ्यानं मुलाला सांभाळायचं कबूल केलं. आमची घरमालकीण तंजावूरकडची मराठी म्हातारी, महिन्याच्या भाड्यापुरती भेटणारी, जुन्या वळणाचं मराठी बोलणारी. तिनं मैत्रिणीसाठी सांडग्या मिरच्यांची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तीस दे. म्हण, अम्मानं दिलं. किती दिवस जालें तीस पाहून." साडी मी सामानात न टाकता खांद्यावरच्या पिशवीत ठेवली. विमानात ती पिशवी मी वरच्या कप्प्यातसुद्धा टाकू दिली नाही.

रोमच्या विमानतळावर मैत्रीण उभी होती, आणि तिच्या शेजारी ती बाई.

मला वाटलं होतं आम्ही दोघीच हिंडणार. ती बाई पन्नाशीची, उंच, केस बारीक कापलेले, औषधाच्या दुकानात काम करणारी. तिनं माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मैत्रीण म्हणाली, "हिनं सुट्टी काढली आपल्यासाठी. हिच्या बहिणीचं घर व्हेनिसजवळ आहे, तिथे फुकट राहायला मिळेल." मी म्हटलं, "वा, छान." मैत्रीण बारीक झाली होती. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, इथे कोण हिला खायला घालतंय.

रोम मी बघितलं, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर ते होतं. ती गोल, पडकी, भव्य रंगशाळा, ते उघड्या आभाळाखाली पसरलेले खांब, छताला मधोमध भोक असलेलं ते देऊळ, जिथे पाऊस आत पडतो आणि जमिनीतल्या छिद्रांतून निघून जातो. सगळं पुस्तकात बघितलं होतं त्याहून मोठं होतं. पण प्रत्येक ठिकाणी व्हायचं असं की ती बाई हात हलवत पाच मिनिटं इटालियनमध्ये काहीतरी सांगायची, मैत्रीण मध्येच प्रश्न विचारायची, दोघी हसायच्या, आणि मग मैत्रीण माझ्याकडे वळून सांगायची, "ती म्हणते, हे फार जुनं आहे."

"ते मलाही दिसतंय," मी म्हणायची.

हे आपलं नाटक होतं, असं मला सारखं वाटत होतं. लोकांसमोर त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलायचं आणि हसायचं. फक्त या खेपेला न कळणारी मी होते. मी मग मुद्दाम मराठीत टोमणे मारू लागले. "हिच्या नवऱ्यानं हिला बोलून बोलून पळ काढला असेल." पूर्वी अशा वाक्यावर मैत्रिणीनं तोंडावर पदर धरला असता. आता ती म्हणाली, "ताई, असं नको ना," आणि पुढे चालू लागली. आणखी एक गोष्ट मला डोळ्यात खुपली. जिथे पायऱ्या असतील तिथे ती बाई न बोलता मैत्रिणीच्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायची. दगडी बाकावर आधी स्वतःचा कोट घडी करून ठेवायची आणि मग तिला बसवायची. पस्तिशीच्या धडधाकट बाईचे हे कसले लाड, असं मला वाटायचं.

फ्लॉरेन्सला जाताना गाडीत दोघी शेजारी बसल्या आणि मी समोर. खिडकीबाहेर डोंगर, द्राक्षांचे मळे, डोंगरमाथ्यावरची गावं. मी मैत्रिणीला विचारलं, "तुला आठवतं का, आपण कोवलमहून येताना बसमध्ये माशांची पिशवी फुटली होती?" ती हसली. मग तिनं ती गोष्ट त्या बाईला इटालियनमध्ये सांगितली, हातवारे करून, बस कशी थांबली, कंडक्टर कसा ओरडला ते सगळं. ती बाई डोळे पुसेपर्यंत हसली. मला वाटलं, आता एवढी गोष्टही माझी राहिली नाही.

"बास्ता, बास्ता," हसू आवरत मैत्रीण तिला म्हणाली. तेही मला लागलं. पुरे म्हणायला पूर्वी पोदुम म्हणायची ती.

फ्लॉरेन्सला त्या प्रचंड तांबड्या घुमटावर चढता येतं. मैत्रीण म्हणाली, "तू जा ताई, आम्ही खाली थांबतो. मी आधी बघितलंय." आम्ही! मी एकटीच चढले. आत जिना इतका अरुंद की खांदे दोन्हीकडे घासतात, आणि पुढे एक जाडजूड माणूस दर वळणावर थांबून धापा टाकत होता. त्याच्या पाठीकडे बघत मी मनात मैत्रिणीशी कडाकडा भांडत होते. तू मला कशाला बोलावलंस, तुझं इथे मस्त चाललंय, साडी पोस्टानं मागवायची होतीस. वर पोहोचले तर वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. सगळं शहर तांबड्या कौलांचं, मधून नदी, पलीकडे निळसर डोंगर. लोक फोटो काढत होते. मी कठड्याला चिकटून खाली चौकात त्या दोघी दिसतात का ते शोधत होते. इतक्या वरून कोण दिसणार? तरी मी बराच वेळ शोधत राहिले. परत खाली आले तेव्हा त्या आइस्क्रीम खात बसल्या होत्या आणि माझ्यासाठीचं वितळून गेलं होतं.

व्हेनिसला गाडी पाण्यावरूनच शिरते. दोन्हीकडे समुद्र, आणि समोर पाण्यातून उगवल्यासारखी घरं आणि घुमट. तेवढ्यापुरती मी सगळं विसरले. मैत्रिणीनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "बघ ताई. यासाठी बोलावलं तुला." त्या दिवशी आम्ही तिघी गल्ल्यांतून, पुलांवरून खूप हिंडलो. एका मोठ्या चर्चमध्ये सोनेरी छताखाली मी मैत्रिणीला म्हटलं, "इथल्या मेरीला साडी नाही नेसवलेली." बेझंट नगरच्या वेलांकनीच्या चर्चमध्ये मेरीला साडी नेसवतात, आणि आम्ही दोघीही तिथे नारळ घेऊन जायचो. मैत्रीण हसली नाही. मेरीच्या मांडीवरच्या बाळाकडे बघत उभी राहिली. मग ती बाई आली आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. मी मेणबत्त्यांच्या धुरात एकटीच उभी होते, आणि मला इतका राग आला की मूर्तीला हातसुद्धा न जोडता मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजार. मोठा पूल उतरलं की लगेच, कमानींखाली. मला बरं वाटलं, म्हटलं, इथे तरी माझं काम आहे. मी एका माशाचा कल्ला उघडायला हात पुढे केला तर विकणारा खेकसला. इथे गिऱ्हाइकानं माशाला हात लावायचा नसतो. मैत्रीण आणि ती बाई शेजारच्या फळीपुढे वाकून, हात पाठीशी बांधून, नुसत्या डोळ्यांनी मासे पारखत होत्या. एकीनं भुवई उडवायची, दुसरीनं मान हलवायची. किती जमलं होतं त्यांचं. मला कुणी दंडाला धरून मागे ओढलं नाही.

दुपारी बहिणीच्या त्या घरी, ती बाई स्वयंपाकघरात मासे साफ करत असताना, मी पिशवीतून साडी काढली. अजून दिलीच नव्हती. दोघी एकट्या सापडलो की देईन म्हणत राहिले होते, आणि एकट्या सापडलोच नव्हतो. मैत्रिणीनं घडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं. "ताई, काय सुंदर आहे गं. तिला फार खुलेल."

"कुणाला?"

तिनं स्वयंपाकघराकडे मान केली.

माझं डोकं फिरलं. "हिच्यासाठी? हिच्यासाठी मी मांडीवर घेऊन आले ती? मी तुला काय खुलेल ते बघून घेतलीय. एवढी हौस होती तर इथल्या दुकानातून एखादा झगा घ्यायचास तिला." ती बाई माझा आवाज ऐकून दारात आली, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेली. मी ब्लाउज मैत्रिणीच्या अंगावर टाकला. "हा तरी तुझ्या मापाचा आहे. घाल आणि दाखव. म्हणजे मी कशाला आले ते तरी मला कळेल."

तिनं निमूटपणे घातला. खांद्यावरून उतरत होता. पाठीशी मूठभर कापड जास्त. शिंप्याकडे चूक होणं शक्य नव्हतं.

"इतकी का वाळलीस गं?"

ती पलंगावर बसली. "मला दिवस होते ताई. चौथा लागला होता. फेब्रुवारीत गेलं." सगळं तिनं असंच, खाली बघत, छोट्या छोट्या वाक्यांत सांगितलं. नवरा कामासाठी जर्मनीत होता. ती बाई तिला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. अंगात ताप भरला, बरेच दिवस ठेवून घेतलं. घरी आल्यावर त्या बाईनं तिला अंघोळ घातली, भरवलं, केस विंचरले.

"फेब्रुवारीत तर मी तुझ्याशी बोलले होते," मी म्हटलं.

"हो. तू विचारलंस, आवाज का बसलाय. मी सर्दी म्हटलं."

मी तिला दुधात हळद घालून प्यायला सांगितलं होतं. मला ते लख्ख आठवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"माहेरी कुणी असं सांगतं का? तू तिथे बसून रडली असतीस. तुझं रडणं ऐकलं असतं तर मी सामान बांधलं असतं आणि निघाले असते." मग तिनं साडी मांडीवर घेतली. "आमच्याकडे बाळंतिणीचं जी करते तिला माहेरचं माणूस साडी नेसवतं. बाळ राहिलं नाही, पण केलं तर तिनं तसंच. माझ्या माहेरचं कोण आहे, तूच ना. म्हणून तुला बोलावलं."

खरं तर मी विरघळायला हवं होतं. एवढा मोठा मान कुणी कुणाला देत नाही. पण मला तो नको होता. माहेरच्या माणसाला सगळं संपल्यावर कळवतात, तेही बेतानं. मला माहेर व्हायचं नव्हतं. मला त्या दवाखान्यातली पलंगाशेजारची खुर्ची हवी होती, आणि त्या खुर्चीवर ती बसली होती. रोममध्ये, फ्लॉरेन्समध्ये मला जे होत होतं ते या जळण्यापुढे काहीच नव्हतं.

तरी मी उठले. बाई हात धुऊन आली. ब्लाउज तिला होणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्या काळ्या बनियनवरच नेसवायचं ठरलं. मैत्रिणीनं डबीतून कुंकू काढून दिलं, मी ते बाईच्या कपाळाला लावलं. तिनं विचारलं नाही काय ते, तिला आधीच सांगून ठेवलेलं दिसत होतं. ती इतकी उंच की साडी घोट्यांच्या वर राहत होती, पुन्हा सोडून खाली ओढून घ्यावी लागली. आणि वांगी रंग तिला खुलत होता, ते काही नाकारता येत नव्हतं.

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून निऱ्या घालू लागले. वर न बघता मैत्रिणीला म्हटलं, "तिला विचार, दवाखान्यात तू काय बोलत होतीस."

"कशाला?"

"विचार."

तिनं विचारलं. बाई हळू आवाजात बराच वेळ बोलली. या खेपेला मैत्रीण मध्ये बोलली नाही.

"काय म्हणाली?"

"म्हणते, तापात मी सारखी माझ्या भाषेत बोलत होते. दिवस दिवस. तिला त्यातला एक शब्द कळला नाही. मी थांबले की तिच्याकडे बघायचे, म्हणून ती हात धरून नुसती 'सी, सी' म्हणायची. म्हणजे हो, हो."

"आणि काय बोलत होतीस?"

"मला काही आठवत नाही ताई. खरंच नाही आठवत."

माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या. मी पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतल्या. मैत्रीण पिन आणायला आतल्या खोलीत गेली आणि आम्ही दोघीच उरलो. ती बाई साडीत हात जरा दूर धरून उभी होती, मला अडचण होऊ नये म्हणून.

"मी असायला हवं होतं तिथे," मी निऱ्यांकडे बघत मराठीतच म्हटलं. "तुम्ही नाही. मला सगळं कळलं असतं."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सी, सी," ती म्हणाली.